मोबाइलला वेळ कोण सांगतं?

मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर वेळेचं सेटिंग उघडून भारत शोधायला गेलं की पुष्कळदा मुंबई, दिल्ली सापडत नाही. सापडतं ते कोलकाता. हा कुठल्या तरी परदेशी कंपनीचा आळस असेल, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हे नाव येतं एका सार्वजनिक यादीतून. जगाच्या कोणत्या भागात घड्याळ केव्हा आणि किती पुढे-मागे केलं गेलं, त्याची ही नोंदवही आहे. प्रोग्रॅमर तिला ‘टीझेड डेटाबेस’ म्हणतात. अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स, जावा, पायथन हे सगळे तिच्यावर विसंबून असतात आणि ती सांभाळतात मूठभर स्वयंसेवक. सॉफ्टवेअर म्हणजे निव्वळ गणित, असं मानणाऱ्या प्रत्येकाने ही यादी एकदा तरी चाळावी, असं माझं प्रोग्रॅमर म्हणून स्पष्ट मत आहे.

संगणक फक्त सेकंद मोजतो

बहुतेक संगणकांना आत ‘सकाळ’, ‘सोमवार’ असलं काही कळत नाही. 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेच्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद उलटले एवढा एकच आकडा ते बाळगतात. त्या क्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणून एखाद्या अॅपमध्ये ‘1 जानेवारी 1970, पहाटे 5:30’ अशी विचित्र तारीख दिसली तर खुशाल समजावं, की आत तारखेच्या जागी शून्य पडलेलं आहे.

सेकंदांचा हा आकडा जगभर सारखाच असतो. त्यातून पुण्याची किंवा पॅरिसची वेळ काढायला नियम लागतो. आपला नियम सोपा आहे: साडेपाच तास मिळवा. पण हे साडेपाच काही निसर्गाने दिलेले नाहीत. ते सरकारने ठरवले, आणि सरकारं निर्णय बदलतात. यादीची गरज पडते ती इथे.

यादी कुणाची?

1980 च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ही यादी सुरू केली. ते अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत काम करत. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतले पॉल एगर्ट यांनी तिची धुरा उचलली. यादी म्हणजे साध्या मजकुराच्या काही फायली: अमुक तारखेपासून घड्याळ इतकं पुढे, तमुक तारखेपासून तितकं मागे. शेजारी टिपा असतात. हा बदल कोणत्या कायद्याने झाला, कोणत्या वर्तमानपत्रात छापून आला, कोणाच्या मते ही तारीख चुकीची आहे, असा सगळा ऐवज तिथे वाचायला मिळतो. यादी सार्वजनिक मालकीची असल्याने ती कुणीही फुकट वापरू शकतो.

2011 मध्ये या फुकटच्या कामाची किंमत कळली. ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या ‘अॅस्ट्रोलेब’ या अमेरिकन कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला. जुन्या वेळांची माहिती आमच्या हक्काच्या ग्रंथातून घेतली, असं तिचं म्हणणं होतं. यादीचं संकेतस्थळ काही दिवस बंद पडलं. थोड्याच दिवसांत इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ने यादी आपल्या छत्राखाली घेतली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था दोघांच्या बाजूने उभी राहिली आणि फेब्रुवारी 2012 मध्ये कंपनीने माफी मागून दावा मागे घेतला. अमुक शहरात अमुक दिवशी किती वाजले होते हे वास्तव आहे, आणि वास्तवावर कुणाची मालकी नसते.

मुंबईची 39 मिनिटं

ज्योतिष सांगणाऱ्यांना जुन्या वेळा का लागतात, हे मराठी घरांत समजावून सांगायला नको. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली. त्याआधी मुंबईचं घड्याळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे असायचं, म्हणजे नव्या वेळेच्या 39 मिनिटं मागे. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेवर गेल्या, पण शहराने कडवा विरोध केला. परक्या सरकारने लादलेली वेळ, हा मुद्दा त्यात होताच. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं, 1955 पर्यंत, ‘बॉम्बे टाइम’ पुरता नाहीसा झाला नव्हता.

मधे दुसरं महायुद्ध आलं. सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 या काळात देशभरचं घड्याळ तासभर पुढे केलेलं होतं. म्हणजे 1943 साली ‘सकाळी 7’ अशी नोंदलेली जन्मवेळ आजच्या हिशेबाने सकाळी 6 ची असू शकते. त्या काळातल्या मुंबईकराची पत्रिका मांडणारा जाणता ज्योतिषी म्हणूनच आधी विचारतो, की ही वेळ कोणत्या घड्याळाची? प्रोग्रॅमरनेही नेमका हाच प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे.

युद्धकाळातला बदल यादीत नोंदलेला आहे. ‘बॉम्बे टाइम’ला मात्र तिथे स्वतंत्र घर नाही. 1970 नंतर ज्या भागांची घड्याळं एकसारखी चालली त्यांचा एकच विभाग करायचा, असा यादीचा दंडक आहे. विभागाला देशाचं नाव द्यायचं नाही, कारण सीमा आणि सत्ता बदलतात. तिथल्या मोठ्या वस्तीच्या शहराचं द्यायचं, असा प्रघात आहे. भारताच्या वाट्याला कलकत्ता आलं. शहराचं नाव बदलल्यावर यादीत कोलकाता झालं, पण जुनी सॉफ्टवेअर अडू नयेत म्हणून जुनं नावही चालू ठेवलं. युक्रेनच्या राजधानीचं ‘कीव’ हे युक्रेनियन रूप 2022 मध्ये असंच आलं.

सरकार ऐनवेळी ठरवतं तेव्हा

युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करतात. हे वेळापत्रक आधी ठाऊक असेल तर काही बिघडत नाही. गोंधळ होतो तो घाईत घेतलेल्या निर्णयांनी. मार्च 2023 मध्ये लेबनॉनच्या सरकारने, घड्याळं पुढे करायला जेमतेम दोन-तीन दिवस उरले असताना, हा बदल रमजान संपेपर्यंत लांबवला. मॅरोनाइट चर्च, काही वाहिन्या आणि शाळा यांनी हुकूम धुडकावला. एकाच शहरात दोन वेळा चालू लागल्या. कुणाचा फोन पुढे गेला, कुणाचा मागे राहिला. अखेर मंत्रिमंडळाने माघार घेतली. यादीच्या सांभाळकर्त्यांना आठवड्याच्या आत दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या: एक हुकूम नोंदवायला, दुसरी तो पुसायला.

सामोआने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा जावा म्हणून 2011 मध्ये 30 डिसेंबर हा दिवसच गाळला. गुरुवारनंतर थेट शनिवार उजाडला. मोरोक्को एरवी तासभर पुढे असतो आणि रमजानपुरता मागे येतो. ते दिवस चंद्रावर ठरतात, म्हणून यादीत 2087 पर्यंतचे अंदाज भरून ठेवले आहेत. एवढं सगळं पोटात घेणाऱ्या या फायलींना मी विसाव्या-एकविसाव्या शतकाचा राजकीय इतिहासच म्हणेन.

साडेपाच तासांचा सापळा

यादीनुसार भारतात 1945 नंतर घड्याळ हललेलंच नाही. त्यामुळे आपल्याकडचे प्रोग्रॅमर कोडमध्ये बिनधास्त ‘अधिक 5:30’ लिहून मोकळे होतात. अॅप देशाबाहेर गेलं की हिशेब अंगाशी येतो. सर्वांत नेहमीची चूक जन्मतारखेची. 15 ऑगस्ट ही तारीख ‘15 ऑगस्टची मध्यरात्र’ म्हणून साठवली, तर यूटीसीत ती 14 ऑगस्टची संध्याकाळ, 18:30 होते. अमेरिकेतल्या नातेवाइकाला वाढदिवस एक दिवस आधी दिसतो. जन्मतारीख हा क्षण नव्हे, ती नुसती तारीख म्हणूनच साठवायला हवी.

दुसरी चूक बैठकांची. पुण्याच्या हिंजवडीतल्या माणसाला न्यूयॉर्कची सकाळी 9 ची बैठक उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला पडते, हिवाळ्यात साडेसातला. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, युरोपचं शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क यांचं गणित एरवीपेक्षा वेगळं असतं. त्यामुळे घडून गेलेल्या घटना यूटीसीत साठवाव्या, पण पुढच्या बैठका स्थानिक वेळ आणि विभागाचं नाव यांसह साठवाव्या. नियम मधेच बदलला तरी बैठक चुकत नाही.

काय करायला हवं

भारताचीही वेळ कायम अशीच राहील, हे गृहीत धरू नये. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ तासभर पुढे चालतो, आणि देशाला दोन प्रमाणवेळा द्याव्यात असा प्रस्ताव राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये मांडला होता. असा निर्णय कधी झालाच, तर सरकारने तो किमान वर्षभर आधी जाहीर करावा. प्रोग्रॅमरांनी कोडमध्ये आकडा लिहिण्याऐवजी यादीतलं नाव वापरावं. फोन वापरणाऱ्यांनी अपडेट पुढे ढकलू नयेत, कारण वेळेचे नवे नियम बहुतेकदा त्यांतूनच येतात. आणि या यादीवर धंदा उभा करणाऱ्या कंपन्यांनी ती सांभाळणाऱ्यांना आपली माणसं आणि पैसा पुरवावा. निदान इतकं तरी त्यांच्याकडून मागायलाच हवं.