चांदीची काच आणि मण्याचा रंग

मी पालघरला राहते आणि घरामागच्या पडवीत बसून काचेचे मणी घडवते. मागे एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, मुंबईच्या एका दुकानदारांनी माझा एक मणी पाहिला. अंग निळसर, त्यात जांभळी झाक, आणि उजेडात धरला की कडेला मोरपिसासारखा हिरवा रंग. "असेच चाळीस करून द्या," ते म्हणाले. मी आनंदाने हो म्हटले. कांडी तीच, गॅस तोच, हात तोच. मग अडचण ती काय यायची? पण चाळीस मणी सुपात ओतून पाहते तर काय, मूळ मण्याशी जुळणारे अवघे नऊ! बाकीच्यांत कोणी तपकिरी, कोणी दुधाळ, कोणी राखेसारखा करडा. मागणी गेली, आणि काचेचा खर्च अंगावर बसला.

एकाच कांडीतून इतके रंग का निघतात, आणि हवा तो रंग पुन्हा काढता येतो का, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी मणी होतो कसा, ते थोडक्यात सांगते. पेन्सिलीएवढी जाड काचेची कांडी ज्योतीत धरायची. टोक मऊ होऊन मधासारखे लोंबू लागले की दुसऱ्या हातातल्या पोलादी सळईवर ते गुंडाळायचे. सळईला आधी मातीचा पातळ लेप देऊन तो वाळवलेला असतो. नाहीतर काच सळईला कायमची चिकटून बसेल. सळई सारखी फिरती ठेवायची. हात थांबला की मणी एका अंगाला कललाच म्हणून समजा. पूर्वी हे काम तेलाच्या दिव्यावर, ज्योतीला वारा घालून करीत. आता गॅस आणि प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, यांची ज्योत वापरतात. आपल्या देशात अशा मण्यांसाठी वाराणसीचे नाव आहे.

मणी आपल्याला काही नवे नाहीत. मंगळसूत्रातले काळे मणी कोणाच्या घरी नाहीत? कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले, त्यात काचेच्या वस्तू निघाल्या. पुढे डॉ. दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहासच लिहिला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. असो. मी ज्या काचेविषयी बोलणार आहे ती मात्र जरा निराळी. तिच्यात चांदी असते.

चांदी असते म्हणजे चांदीचा चुरा दिसतो असे नाही. काच वितळवतानाच चांदीचे क्षार तिच्यात घालतात आणि ते विरघळून जातात. आपल्या किनाऱ्यावरची मिठागरे आपण पाहिली आहेत. भरतीचे पाणी वाफ्यात घेतात, तेव्हा त्यात मीठ असते, पण डोळ्यांना दिसत नाही. ऊन लागून पाणी आटत गेले की आधी बारीक कण धरतात, मग ते वाढतात आणि मीठ पांढरे दिसू लागते. काचेतल्या चांदीचे तसेच आहे. विरघळलेली असते तोवर ती लपलेली. तिचे कण धरले की रंग दिसतो. फरक इतकाच, की मिठागराला ऊन लागते आणि मण्याला ज्योत.

आता ही चांदी बाहेर काढण्याच्या दोन रीती आहेत. बाजारात या काचेच्या कांड्याही दोन जातींच्या मिळतात. बऱ्याचशा परदेशातून येतात आणि साध्या कांडीपेक्षा कितीतरी महाग पडतात. म्हणून एकेक मणी बिघडला की जिवाला लागतो.

पहिली रीत झळाळीची. ज्योतीला प्राणवायू पुरेसा मिळाला की ती निळी, आखूड आणि टोकदार दिसते. प्राणवायू कमी केला की ती लांबते, मऊ होते, टोकाला पिवळी पडते. घासलेटच्या कंदिलाला हवा कमी पडली की काच काजळी धरते, त्यातलाच हा प्रकार. अशा ज्योतीला मी भुकेली ज्योत म्हणते, कारण ती प्राणवायू शोधत असते आणि मिळेल तिथून ओढून घेते. मणी तिच्यात गेला की त्याच्या पृष्ठभागाजवळची चांदी आपला बांधलेपणा सोडते आणि शुद्ध धातू होऊन वर येते. मण्यावर आरशासारखा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचा थेंब पडला की जसे रंग दिसतात, तशी झळाळी त्याला येते.

रीत सोपी वाटते, पण तिला वेळेची मर्यादा आहे. मणी निळ्या ज्योतीत पुरता घडवायचा. मग बाहेर काढून त्याची लाली जाईपर्यंत थांबायचे. त्यानंतर भुकेल्या ज्योतीत थोडे दूर धरून दोन-तीन सेकंद फिरवायचा आणि काढायचा. अधिक ठेवला की झळाळी जाऊन करडा थर बसतो. माझे राखेसारखे मणी झाले ते यामुळेच. उलट, झळाळलेला मणी पुन्हा निळ्या ज्योतीत नेला की तो पापुद्रा नाहीसा होतो. बिघडलेला मणी यामुळे पुष्कळदा सुधारता येतो, हीही सोय समजा. झळाळी टिकवायची तर वरून पारदर्शक काचेचे कवच चढवतात.

दुसरी रीत रंग उठवण्याची. इथे चांदीचे कण पृष्ठभागावर नाही, काचेच्या पोटात वाढवायचे असतात. आधी मणी चांगला तापवायचा, म्हणजे जुने कण विरघळून काच पुन्हा स्वच्छ होते. मग ज्योतीबाहेर काढून लाली जाईपर्यंत निववायचा. या निवण्यात कणांचे बी धरते. नंतर ज्योतीच्या कडेला, मंद आचेत पुन्हा फिरवायचा. आता ते बी वाढते आणि डोळ्यांदेखत रंग चढू लागतो: साधारणपणे आधी पिवळा, मग लाल, जांभळा, निळा, कधी हिरवा. हवा तो रंग दिसला की थांबायचे. लोभ धरला की कण फार मोठे होतात आणि मणी दुधाळ नाहीतर तपकिरी होऊन बसतो.

कण मोठे म्हणजे तरी किती? मिलीमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. अशा दहा-वीस नॅनोमीटरचा चांदीचा कण प्रकाशातला जांभळा-निळा भाग गिळतो, आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. कण वाढला, त्याचा आकार किंवा शेजार बदलला, की गिळला जाणारा भाग बदलतो आणि रंगही बदलतो. म्हणजे या मण्यात रंगद्रव्य घातलेले नाही. चांदीच्या कणाचे माप हाच त्याचा रंग.

ही किमया माणसाला फार पूर्वी सापडली होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे. त्याला लायकर्गसचा पेला म्हणतात. समोरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला की लाल. त्याच्या काचेत चांदी आणि सोने यांचे असेच सूक्ष्म कण आहेत. युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांना चौदाव्या शतकापासून जो सोनेरी पिवळा रंग देत, तोही काचेवर चांदीचा क्षार लावून भाजून आणलेला. त्या कारागिरांना नॅनोमीटर ठाऊक नव्हता. पण आच किती आणि वेळ किती, हे त्यांना नक्की ठाऊक असले पाहिजे.

चांदीचे शेजाऱ्यांशीही नाते असते, ते विसरून चालत नाही. जोडवी-पैंजण काळे पडतात ते हवेतल्या गंधकामुळे. हस्तिदंती रंगाच्या काचेत गंधक असते. तिच्यावर चांदीचा वर्ख गुंडाळून तापवला की तपकिरी जाळी उमटते. तीच काच तांब्याच्या निळ्या काचेला चिकटली की मधे काळसर रेघ उठते. मुद्दाम केली तर ती नक्षी, न कळत झाली तर तो डाग.

इतके सगळे समजले, तरी माझे चाळीस मणी जुळेनात. तेव्हा एक गृहस्थ भेटले. चिंचणी, वरोर, तारापूर या पट्ट्यात डाय करणारे कारागीर पुष्कळ आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरायची. त्यावर सोन्याचांदीचा पत्रा ठोकला की दागिन्याची नक्षी उठते. हे काका त्यांतलेच. माझे मणी त्यांनी तळहातावर घेतले, एकेक उलटून पाहिला आणि विचारले, "ताई, हा चांगला झालेला मणी किती वेळ बाहेर धरला होतास?"

मी म्हटले, "काका, अदमासाने."

ते म्हणाले, "पोलादाला पाणी द्यायचं असतं ना, तेव्हा ते तापून कुठल्या रंगावर आलं की पाण्यात बुडवायचं, हे माझ्या वडलांना अचूक कळायचं. मी विचारलं की म्हणायचे, बघ आणि शीक. मी बघितलं, पण निम्मंच शिकलो. उरलेलं त्यांच्याबरोबर गेलं. आता संगणकाची यंत्रं डाय कोरतात. तू वही घाल."

मी वही घातली. पानावर रकाने आखले: कांडी कोणती, ज्योत कशी, पहिल्या तापवण्यानंतर किती सेकंद निववला, पुन्हा किती सेकंद आच दिली, ज्योतीपासून किती बोटे दूर धरला, शेवटी रंग कोणता. घड्याळ समोर टांगले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. प्रत्येक मण्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. महिनाभरात कळले, की माझा घोटाळा निववण्यात होता. घाईच्या दिवशी मी चार सेकंदांत मणी परत ज्योतीत नेत होते, निवांत असले की पंधरा सेकंदांनी. पुढल्या चाळिसांत तेहतीस जुळले. उरलेले सात का बिघडले, तेही वहीत लिहिलेले आहे.

काच धातूला पोटात घेते म्हणजे किती घट्ट घेते, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. अणुभट्टीत वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केली की जो अतिशय किरणोत्सारी द्रव उरतो, तो काचेत बांधून ठेवणारा कारखाना तारापूरलाच १९८५ साली सुरू झाला. तिथली काच बोरॉन घातलेली असते. द्रवातले धातू तिच्याबरोबर वितळून तिच्या रचनेतच गुंतून जातात. मग तो रस पोलादी डब्यांत ओतून थिजवतात. काच का? कारण ती नाना तऱ्हेचे धातू सामावून घेते आणि पाण्याला सहजी दाद देत नाही. पण तिथेही काही धातू, उदाहरणार्थ पॅलेडियम, काचेत नीट विरघळत नाहीत. त्यांचे कण होऊन ते तळाशी बसू पाहतात. जगभर अशा भट्ट्या चालवणाऱ्यांना त्याची काळजी घ्यावी लागते. माझ्या मण्यात जो कण मला हवाहवासा, तो तिथे नकोसा! मात्र दोन्हीकडे नियम एकच: कुठला धातू, किती आच, किती वेळ, हे मोजले पाहिजे आणि लिहिले पाहिजे.

आता ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांच्यासाठी चार शब्द. मणी झाला म्हणजे संपले नाही. तो एकदम थंड झाला तर आज ना उद्या तडकतो. म्हणून विजेच्या छोट्या भट्टीत, ५१० अंश सेल्सिअसच्या आसपास, काही वेळ ठेवून मग हळूहळू निववतात. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा अशा दिवशी मोठे मणी करायला घेऊ नयेत. तापलेल्या काचेतून सोडियमचा झगझगीत पिवळा उजेड येतो. त्यासाठी डिडिमियमचा चष्मा मिळतो, तो घालावा. चांदीच्या कामात धूर होतो, म्हणून पंखा धूर बाहेर ओढणारा हवा. सळईवरचा लेप काढताना ओला करूनच काढावा, म्हणजे धूळ छातीत जात नाही. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. खोली वाऱ्याची हवी. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या चावीला तेलाचा हात कधीही लावू नये.

हाताचे काम लिहून ठेवल्याने त्यातला जीव जातो, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. रंग चढताना कुठे थांबायचे, हे अखेर डोळाच ठरवतो. वही एवढेच करते, की काल जे साधले ते आज पुन्हा साधते आणि उद्या दुसऱ्याला देता येते. काकांच्या वडलांचे पोलादाला पाणी द्यायचे ज्ञान दोन पानांत मावले असते. ती दोन पाने आज कोणाकडेच नाहीत. आपल्या गावात असे हात अजून आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि ऐकलेले त्याच दिवशी लिहून ठेवा.