‘देवमाणूस’ आणि आपलं हजेरीपत्रक

जेवणं उरकली असतील. भांडी पडली असतील तर पडू द्या, दहा-बारा मिनिटं बसा. आज बचतीच्या हप्त्याविषयी बोलणार नाही, बँक लिंकेजविषयीही नाही. आज आपण टीव्हीवरच्या एका मालिकेविषयी बोलू. हसू नका. गेली काही वर्षं मी गटांच्या बैठकांना जाते, आणि पैशांचा हिशेब संपला की सतरंजी झटकायच्या आधी जे बोलणं निघतं ते निम्म्या वेळा मालिकांचंच असतं.

त्यातली एक म्हणजे झी मराठीवरची ‘देवमाणूस’. ३१ ऑगस्ट २०२० ला ती सुरू झाली. कोरोनाचे दिवस, सगळी घरात अडकलेली, आणि रात्री साडेदहाला पोरं झोपली की बायका टीव्हीसमोर. गाव कातळवाडी. तिथे डॉक्टर अजितकुमार देव नावाचा एक डॉक्टर. किरण गायकवाड या नटाने ते काम केलं, ‘लागिरं झालं जी’मधला भैय्यासाहेब म्हणून आपण त्याला आधीच ओळखत होतो. हा डॉक्टर रात्री-अपरात्री धावून येतो, गोड बोलतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. गाव त्याला देवमाणूस म्हणतं. आणि तोच माणूस बायकांना नादी लावून, त्यांचा पैसा-सोनं काढून घेऊन त्यांना संपवतो. मुळात तो डॉक्टरही नसतो. पुढे दुसरा भाग आला, २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ आला. सरू आजींच्या म्हणी तर आमच्या एका गटातल्या मावशींना इतक्या पाठ आहेत की कर्जाचा हप्ता चुकवणारीला त्या आजींच्याच शब्दांत झापतात. त्या म्हणी मी रेडिओवर सांगू शकत नाही.

ही मालिका सत्य घटनेवरून सुचलेली आहे. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यात २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका माणसाला अटक झाली. तो डॉक्टर म्हणून वावरत होता. २००३ पासून २०१६ पर्यंत सहा जणांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. त्या सहांत पाच बायका होत्या. धोम इथल्या त्याच्या जागेत खणल्यावर मृतदेह मिळाले. आरोपीचं किंवा त्या बायकांचं नाव मी इथे घेत नाही, त्या बायकांच्या घरची माणसं आहेत. पण दोन आकडे लक्षात ठेवा. २००३ आणि २०१६. तेरा वर्षं.

पहिल्यांदा मालिका बघताना मला वाटलं, यातला धडा सरळ आहे, गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या बैठकीतही बायका हेच म्हणाल्या. मग एक सासूबाई म्हणाल्या, “असं कसं गं? दुखलं-खुपलं तर डॉक्टरकडे जायचंच नाही का? गोड बोलणारा काय दर वेळी चोर असतो?” त्यांचं खरं होतं. विश्वास न ठेवता गावात एक दिवस निघत नाही. आपला गटच विश्वासावर उभा आहे, तारण न घेता आपण एकमेकींना कर्ज देतो.

मग मी ती मालिका दुसऱ्या बाजूने बघायला लागले. डॉक्टरकडे बघणं सोडलं आणि गावाकडे बघायला लागले. एक बाई नाहीशी होते. गाव काय करतं? कुजबुजतं. गेली असेल कुणाबरोबर. आधीपासूनच तिचं लक्षण बरं नव्हतं. दोन दिवस पारावर चर्चा होते आणि मग गप्प. त्या मारेकऱ्याला सगळ्यात मोठी मदत कुणी केली असेल तर या कुजबुजीने केली. ज्या बाईचं नाव खराब झालं तिला शोधायला कुणी जात नाही. घरचे तर लाजेने दारही लावून घेतात.

वाईच्या खऱ्या प्रकरणात हेच उलट्या बाजूने दिसतं. तेरा वर्षांत माणसं नाहीशी होत राहिली आणि धागा जुळला नाही. २०१६ च्या जूनमध्ये जी बाई नाहीशी झाली ती अंगणवाडी सेविका होती, सेविकांच्या संघटनेचं काम करणारी. घरच्यांनी तक्रार दिली, शोध लागला, आणि दोन महिन्यांत सगळं उघडं पडलं. पोलिसांनी तपास केला म्हणून ते उघड झालं हे आहेच. पण मला वाटतं, त्या बाईचं नसणं लगेच दिसणारं होतं हेही एक कारण असावं. तिची वाट बघणारी अंगणवाडी होती, मुलं होती, बरोबरच्या बायका होत्या. तिच्याविषयी ‘गेली असेल कुठेतरी’ म्हणून गप्प बसणं सोपं नव्हतं.

आता आपल्याकडे या. काकोळे, नेवाळी, मांगरूळ या बाजूच्या गावांत अजून कुणाच्या घरी पाहुणा आला तरी सगळ्या आळीला कळतं. पण अंबरनाथ पूर्वेला तसं राहिलेलं नाही. आनंदनगर एमआयडीसीत कामाला येणाऱ्या कितीतरी बायका चाळीत भाड्याच्या खोलीत राहतात. एकीची पहिली पाळी, शेजारणीची दुसरी, आठ-आठ दिवस तोंड दिसत नाही. गावात म्हणतात, पळून गेली. इथे म्हणतात, खोली बदलली असेल. शब्द वेगळे, पण दोन्हीकडे शोधायला जायचं टळतंच.

एक गोष्ट सांगते, त्या ताईंना विचारून सांगते आहे. आमच्या एका गटातली ताई सलग तीन बैठकांना आली नाही. सचिवाने तीनही वेळा हजेरीत ‘गैरहजर’ लिहिलं, दंडाचे दहा रुपये मांडले, आणि आम्ही पुढच्या विषयाकडे गेलो. दशसूत्रीत नियमित बैठक आहे, नियमित बचत आहे, त्यामुळे दंड कसा लावायचा हे आम्हाला पाठ. एक म्हणाली माहेरी गेली असेल, एक म्हणाली गट सोडायचा विचार दिसतोय, आणि एकीने आणखी काही म्हटलं ते मी सांगत नाही. मीसुद्धा तिथे बसले होते. मीही विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात दुसऱ्याच कामाने त्या बाजूला गेले होते म्हणून डोकावले. ताई घरातच होती. मुलाला रेल्वेत चिकटवतो म्हणून एका माणसाने तिच्याकडून बांगड्या आणि मंगळसूत्राच्या वाट्या नेल्या होत्या. चांगला ओळखीचा माणूस, घरी येऊन चहा प्यायलेला. त्याने तिला बजावलं होतं, कुणाला सांगू नका, साहेबांच्या कानावर गेलं तर काम फिसकटेल. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. नंतर त्या माणसाचा फोन बंद. गळ्यात खोटं मंगळसूत्र घालून ती घरात बसून होती, कारण बैठकीत बायकांच्या ते लगेच लक्षात आलं असतं. बोलता बोलता ती म्हणाली, “दोनदा विहिरीपर्यंत जाऊन आले.”

मला त्या दिवशी ते दहा-दहा रुपयांचे तीन दंड आठवले.

पाचजणी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार झाली. सोनं अजून मिळालेलं नाही. नवऱ्याला तिने स्वतः सांगितलं, आम्ही फक्त ओट्यावर बसून होतो.

त्या बोगस डॉक्टरचं आणि या नोकरी लावणाऱ्याचं एक वाक्य सारखंच आहे. ‘कुणाला सांगू नकोस.’ मालिका परत बघाल तेव्हा कान देऊन ऐका. आपल्याला सगळ्या माणसांवर संशय घ्यायची गरज नाही. पण पैसा, सोनं, सही किंवा शरीर यांतलं काही कुणी मागत असेल आणि वर ‘आपल्यातच ठेव’ म्हणत असेल, तर त्याच दिवशी ते दोघींना तरी सांगायचं. सरळ काम असेल तर सांगितल्याने काही बिघडत नाही.

आता उपयोगाचं बोलते. वही-पेन घ्या हवं तर.

आधी डॉक्टर. आपल्या राज्यात नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. एमबीबीएस डॉक्टरची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये असते. आयुर्वेदाचे बीएएमएस आणि होमिओपॅथीचे बीएचएमएस यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो चिठ्ठीवर छापलेला असायला हवा. चिठ्ठीच न देणारा, पुडीत गोळ्या बांधून देणारा, ताप काय नि अंगदुखी काय लगेच सलाईन लावणारा दिसला तर विचारा, “डॉक्टरसाहेब, तुमचा नोंदणी क्रमांक काय?” खरा डॉक्टर चिडत नाही. शंका आली तर गावात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि शहरात नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे कळवता येतं. गटाच्या नावाने अर्ज द्या, म्हणजे एकटी बाई कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

सोन्याचं थोडक्यात. दागिन्यांचे फोटो काढून ठेवा, पावत्या जपा. आता हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो, प्रत्येक दागिन्याचा वेगळा. तो वहीत लिहून ठेवा. गहाण ठेवायची वेळ आली तर परवाना असलेल्याकडेच आणि पावती घेऊनच. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, त्यासाठी २०१४ चा कायदा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादी बाई किंवा मुलगी घरी आली नाही तर. टीव्हीवर बघून बघून सगळ्यांच्या डोक्यात एक बसलंय की चोवीस तास थांबावं लागतं. तसा नियम नाही. त्याच रात्री पोलीस ठाण्यात जायचं. मोठी बाई असेल तर हरवल्याची नोंद होते, तिचा क्रमांक मागून घ्यायचा. अठरा वर्षांखालची मुलगी किंवा मुलगा असेल तर नुसती नोंद पुरत नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला हवा. ‘प्रेमप्रकरण असेल, येईल परत’ असं ऐकून उठायचं नाही. एखाद्या गुन्ह्याची तक्रार असेल आणि कुणी म्हणालं, ही आमची हद्द नाही, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हे लिहून ठेवलं आहे. तक्रार देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. अंबरनाथ पूर्वेला शिवाजीनगर पोलीस ठाणं आहे. गावात आधी पोलीस पाटलांना उठवा.

जाताना हातात काय असावं? अलीकडचा फोटो. लग्नातला, मेकअप केलेला नको, रोजच्या चेहऱ्याचा. अंगावर कुठले कपडे होते, शेवटी कुणी कुठे पाहिलं, मोबाईलचा नंबर, आणि मोबाईलच्या खोक्यावरचा पंधरा आकडी क्रमांक. म्हणून ती खोकी पोरांना खेळायला देऊ नका. तातडीला ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१, मुलांसाठी १०९८. ऑनलाइन पैसे गेले तर १९३०. आणि त्या ताईसारखं मन विहिरीकडे ओढत असेल तर १४४१६. तो फोन फुकट आहे आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येतं.

मालिकेबद्दल माझी एक तक्रारही आहे. तिने त्या डॉक्टरला फार देखणा, फार हुशार केला. पोलीस अधिकारी दिव्या सिंगने त्याला पकडलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्याआधी महिनोन् महिने आपण त्याच्याच युक्त्या बघत होतो. मेलेल्या बायका मात्र भोळ्या नाहीतर लोभी. त्या आधी काय करत होत्या, कुणाच्या मैत्रिणी होत्या, त्यांना कोण कोण शोधत होतं, हे फारसं दिसलंच नाही. आमच्या सासूबाई म्हणाल्या तसं, “तिच्या गावात बचत गट दाखवला असता तर मालिका पंधरा दिवसांत संपली असती.”

त्या बैठकीनंतर आमच्या गटाने हजेरीपत्रकात पट्टी घेऊन एक रेघ वाढवली. नाव, सही, आणि आता तिसरा रकाना, ‘का आली नाही, आणि विचारायला कोण गेलं’. विचारायला फोन चालत नाही, घरी जायचं, आणि तिला स्वतःला बघायचं. घरच्या माणसाने दारातूनच “बरी आहे” म्हटलं तर ते उत्तर धरायचं नाही. सलग दोन वेळा नाही आली तर दोघींनी मिळून जायचं. दंड लावायचा की नाही ते परत आल्यावर ठरवायचं.

गेल्या महिन्यात त्या रकान्यात पहिली नोंद पडली. ‘सासूबाई मोरीत पडल्या, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालयात. शोभाताई व सचिव भेटून आल्या. डबा दिला.’ अक्षर त्या ताईचंच आहे, आता गटाचं लिहायचं काम तिच्याकडे आहे.