पिलांची टोचाटोची : रोग नव्हे, तक्रार



चांदवडसारख्या कमी पावसाच्या भागात विहिरीच्या पाण्यावर ऊस धरणाऱ्याला जोडधंदा लागतोच. घरच्या बायामाणसांनी शंभरेक कोंबड्या सांभाळल्या, तर मीठ-मिरचीचा खर्च भागतो. पण हा धंदा पहिल्या चार-सहा आठवड्यांतच बुडतो किंवा तरतो. ब्रूडरमधली पिलं एकमेकांना टोचू लागतात. एकाच्या शेपटाकडून रक्त निघालं, की बाकीची त्यावर तुटून पडतात आणि सकाळी मेलेली पिलं वेचावी लागतात. कोणी म्हणतं जातच वाईट, कोणी म्हणतं नजर लागली. आमचे म्हणणे असे, की जागा, ऊब, उजेड आणि खाद्य यांत काही कमी-जास्त झाल्याची ती तक्रार असते.

थोडी टोचाटोची चालायचीच. कोंबड्यांत टोचण्यावरून थोरली-धाकटी ठरते, हे नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे यांनी 1922 साली निबंध लिहून दाखवून दिले. रक्त दिसले, की मात्र दुर्लक्ष नको.

आधी जागा पाहावी. चार आठवड्यांपर्यंत दर पिलास अर्धा चौरस फूट, म्हणजे शंभर पिलांना 50 चौरस फूट लागतात. पुढे दुप्पट. हिवाळ्यात आपण चहूबाजूंनी गोणपाट बांधतो आणि मोठमोठे दिवे लावतो. ऊब मिळते, पण दाटी, भगभगीत उजेड आणि ओल्या तुसाची झोंबरी वाफ यांनी पिलं चिडतात. म्हणून वरच्या अंगाने हवा खेळती ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस पिलांना दाणा-पाणी दिसावे म्हणून उजेड भरपूर, नंतर मंद किंवा लाल दिवा.

उष्णता पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट, पुढे दर आठवड्यास 5 अंशांनी कमी. पिलं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते, चोच वासून लांब पळाली तर उकडते, सगळीकडे पांगली तर ठीक समजावे.

खाद्यात काटकसर करू नये. घरचा मका आहे म्हणून नुसता भरडा घालणारे पुष्कळ. मक्यात प्रथिने शेकडा नऊच्या आसपास, पिलाला लागतात वीसच्या आसपास. ती उणीव पिलू दुसऱ्याची पिसे उपटून भरू पाहते. मीठ कमी पडले तरी टोचणे वाढते. पण मूठ मूठ मीठ टाकू नका, त्याने पिलं दगावतात. तयार पिलांचे खाद्यच घ्यावे. पहिल्या पंधरवड्यात दर पिलास एक इंच, पुढे दोन इंच भांड्याची कड मिळावी.

गादीला इगतपुरीकडचे भाताचे तूस उत्तम. कारखान्याची बगॅस वापरायची तर खडखडीत वाळलेली. बुरशी असेल तर पिलांची फुफ्फुसं धरतात.

रक्त निघालेलं पिलू तात्काळ वेगळ्या पाटीत ठेवावे आणि पशुवैद्यकाने दिलेले औषध लावावे. जखम पुरती भरल्यावरच परत सोडावे. बाकीच्यांसाठी लसूणघासाची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगावी, म्हणजे चोचीला काम मिळते. चोच छाटणे हा अगदी शेवटचा उपाय. चोचीला वेदना होते, म्हणून ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. दाटी तशीच ठेवून नुसती चोच छाटली, तर मूळ दुखणे कायमच राहते.

तेव्हा नवी पिलं आणण्याआधी ब्रूडरची जागा टेपाने मोजा, भांडी मोजा, आणि बसेल तेवढीच पिलं आणा.