एका केबिनमध्ये दोन जावा

‘‘आई, तुझं आणि काकीचं तिकीट काढलंय. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, क्रूझनं!’’ लेकीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. ते करपले.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते. मालवणात आमचं एकच घर, पण पडवीच्या मधोमध भिंत. भिंत २००९ साली दोघा भावांनी वाटणीच्या वेळी घातली, ती काही आमच्या भांडणाची नव्हे. आमचं बिनसलं ते २०१४ साली, सासूबाई गेल्या तेव्हा. त्यानंतर आमचं बोलणं बंद नव्हतं हो. ‘पाणी आलं का’, ‘तुमचं लाइटबिल इकडे टाकून गेलाय’, एवढं बोलायचो. नऊ वर्षं एवढंच.

सासूबाई चौदा महिने अंथरुणावर होत्या, वहिनींच्या बाजूला. त्यांचं सगळं वहिनींनी केलं. मी शाळेत शिक्षिका. औषधपाणी, डॉक्टर माझ्याकडे, आणि शनिवारची रात्र माझी. तेराव्याला जमलेल्या बायकांत वहिनी म्हणाल्या, ‘‘पगारवालीला सवड कुठली?’’ आणि मी म्हटलं, ‘‘बिलं ठेवलीत सगळी. बघायची असतील तर बघा.’’ त्या दिवशी आणखीही बरंच बोललो असू, ते विसरले. ही दोन वाक्यं मात्र पाठ आहेत.

माझी लेक आणि वहिनींचा मुलगा, दोघं पुण्यात नोकरीला. भिंत त्यांच्यात कधी आलीच नाही. त्या दोघांनी मिळून हा घाट घातला. एकच केबिन का? तर म्हणे क्रूझचं भाडं माणशी असतं, पण ते एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटीनं केबिन घेतली तर जवळजवळ दोघींचे पैसे पडतात. कारण खरंच होतं. पण त्यामागचा डाव न कळण्याइतक्या आम्ही दोघी खुळ्या नव्हतो.

मला वाटलं, वहिनीच नाही म्हणतील, म्हणजे मला वाईट व्हायला नको. त्यांनाही तेच वाटत असावं. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘‘सासूबाई बोटीनं आल्या होत्या. मला एकदा बघायचंय काय असतं ते.’’

सासूबाई गिरगावातल्या. लग्न होऊन मालवणात आल्या त्या कोकणच्या बोटीनं. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत बोट यायची. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं होडीत उतरवायचे. डेकवर चटई पसरून जागा धरायची, भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी खायची, शेजारणीला ओकारी आली की आपलं लिंबू तिला द्यायचं. पावसाळ्यात बोट बंद. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, त्याआधीच ही बोट इतिहासजमा झाली होती. आम्ही दोघी जावांनी ती फक्त त्यांच्या तोंडून पाहिली.

तर जानेवारी २०२४. कुडाळहून रेल्वेनं मुंबई, तिथून बॅलार्ड पिअर. आधारकार्ड दाखवलं, बॅगा यंत्रातून गेल्या. ‘बाहेरचं खाणं न्यायचं नाही’ असं लेकीनं बजावलं होतं, तरी वहिनींच्या पिशवीत आलं आणि लिंबं होतीच. ‘‘खाणं खंय ता? औषध!’’ म्हणाल्या. बॅगांना केबिनच्या नंबराची चिठ्ठी लावून दिली की त्या परस्पर खोलीपर्यंत येतात. प्रत्येकीला एक कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, आणि जहाजावर जे वरचं घ्याल त्याचा खर्चही त्याच कार्डावर चढतो. म्हणून कार्ड पर्समध्ये जपून.

जहाज कोर्डेलिया कंपनीचं, ‘एम्प्रेस’. अकरा मजले, लांबी दोनशे मीटरच्या वर. ही काही कोरी करकरीत बोट नव्हे. १९९० साली फ्रान्समधल्या सां नाझेरच्या गोदीत ती बांधली. तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. पुष्कळ वर्षं तिकडे अमेरिकेच्या बाजूला फिरून २०२१ साली ती मुंबईहून फिरू लागली. मी हे वाचून दाखवलं तर वहिनी म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमच्या झिलाच्या वयाची. तरी बरी ठेवलीय.’’ हे त्यांचं पहिलं वाक्य, जे पाण्याबद्दल किंवा बिलाबद्दल नव्हतं.

सुटण्याआधी सगळ्यांना संकटकाळची कवायत करावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो वाजला की ठरलेल्या जागी जमायचं. जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवतात. तरुण मंडळी फोटो काढत होती. वहिनी मात्र एकेक शब्द ऐकत होत्या. मला उगाच हसू आलं आणि मग लाज वाटली. त्यांचं माहेर रेवसच्या बाजूचं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यात त्यांच्या घरातला एक चुलता होता. वहिनींचा जन्मही नव्हता तेव्हा. पण त्या घरात बोट हा शब्द जपूनच उच्चारत. चाळीस वर्षं मी त्यांच्यासोबत काढली आणि हे मला त्या दिवशी डेकवर कळलं.

आता केबिन. आमची आतल्या बाजूची होती, म्हणजे खिडकी नाही. त्याहून महाग ती समुद्र दिसणारी, आणि सगळ्यात वरची ती गॅलरीवाली. मुलांनी खिशाप्रमाणे घेतली, ते बरोबरच केलं. दोन पलंग, मध्ये एक हात जागा. आरसा, छोटं टेबल, टीव्ही, कपाटात तिजोरी. न्हाणीघर इतकं आटोपशीर की आत वळायचं तर आधी ठरवून वळावं लागतं. संडासाचं बटण दाबलं की असा काही आवाज होतो की वहिनी पहिल्यांदा बाहेरच पळत आल्या. दिवा घालवला तर मिट्ट काळोख. सकाळ झाली की नाही ते घड्याळाला विचारायचं. आम्ही न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवत होतो.

खोली आवरणारा मुलगा दिवसातून दोनदा येई. त्याच्याआधी वहिनी उठून चादरी झाडून, घडी घालून, चहाचा कप विसळून मोकळ्या. मी म्हटलं, ‘‘वहिनी, त्याचे पैसे भरलेत आपण.’’ त्या म्हणाल्या, ‘‘परक्याच्या पोरानं माझं अंथरूण काढायचं?’’

जेवणाचं सांगते, कारण सगळ्या मैत्रिणींनी आल्या आल्या आधी तेच विचारलं. एक जागा आहे जिथे आपल्या हातानं वाढून घ्यायचं. डोसा, छोले, पास्ता, पुलाव, जिलबी, सगळं शेजारीशेजारी. जैन जेवण वेगळं मिळतं. ताटात काय कुठे घ्यायचं ते कळेना, तेव्हा वहिनींनी पहिल्या दिवशी नुसती डाळ-भात आणि लोणचं घेतलं. तिकिटात बसणारं हे जेवण. दारू, खास हॉटेलं, मसाज, इंटरनेट, गोव्यातली सहल, याचे पैसे वेगळे. कर, बंदराचं शुल्क आणि सेवाशुल्कही जाहिरातीतल्या आकड्यात असेलच असं नाही, तेव्हा तिकीट काढताना शेवटचा आकडा विचारा.

दुसरी जागा टेबलाशी बसून जेवायची. पांढरी कापडं, काचेचे पेले, एकेक पदार्थ येणार. तिथे रात्री गेलो. सूप आलं. वहिनींनी चमचा हातात घेतला नाही. मी विचारलं, ‘‘का हो?’’ ‘‘बाकीचं येऊ दे की.’’ सगळं समोर आल्याशिवाय, सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय खायचं नाही, हे त्यांच्या हाडात. सूप संपलं तशा त्या उठून ताटल्या गोळा करायला लागल्या. वाढणारा मुलगा धावत आला. वास्कोचा निघाला. जहाजांवर गोव्याकडची मुलं खूप. वहिनींनी विचारलं, ‘‘खंयचो रे तू?’’ आणि तो खूश. म्हणाला, ‘‘मावशे, तूं बस. आज हांव वाडटां.’’

वहिनी बसल्या. पापलेट आलं, पांढऱ्या सॉसमधलं. ‘‘मासो बरो आसा, पण वाटप खंय?’’ असं म्हणत त्यांनी ते सगळं खाल्लं. सावकाश. गरम. मी त्यांच्याकडे बघत होते. आमच्या घरातल्या पंगतीत वहिनी शेवटी बसायच्या आणि तोवर आमटी गार झालेली असायची. मी तेव्हा शाळेला उशीर म्हणून आधी जेवून घेत असे. हे तेव्हा कधी डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदरात उतरलो. कवळ्याच्या शांतादुर्गेला जाऊन आलो, वेळेच्या आत जहाजावर परत. (जहाज उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही, हे लक्षात ठेवा.) वहिनींना एकच गोष्ट पटेना. ‘‘इथून एसटी धरली तर संध्याकाळी मालवणात! आणि आपण पुन्हा मुंबईला जायचं, तिथून कुडाळला यायचं. पैसे देऊन!’’

त्या रात्री वरच्या डेकवर बसलो. आपला किनारा दिसेल असं वाटलं होतं. जहाज बरंच बाहेरून जातं, तेव्हा मालवण-देवगड कुठलं दिसायला. दूरवर मच्छीमार बोटींचे दिवे तेवढे होते. फोनला रेंज नव्हती. (फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं भलतंच बिल येतं.) वहिनी म्हणाल्या, ‘‘सासूबाई इकडूनच आल्या असतील.’’ बस, एवढंच.

केबिनमध्ये आल्यावर मला मळमळायला लागलं. समुद्र शांत होता, दोष माझ्या दोन वाट्या गाजरहलव्याचा. वहिनींनी पिशवीतून आलं काढलं, तुकडा केला आणि काळोखात हात पुढे केला. मग बऱ्याच वेळानं त्या बोलल्या. बोललो आम्ही मालवणीतच, इथे जरा पुस्तकी करून लिहिते.

‘‘त्या रात्री दोन वाजता त्यांचा श्वास बदलला. मला कळलं होतं. भिंतीवर थाप मारली असती तर तू आली असतीस. नाही मारली. मला वाटलं, चौदा महिने मी केलंय. शेवटचं पाणीही मीच घालीन.’’

नऊ वर्षं मी ज्याला त्याला हेच सांगत आले होते की मला बोलावलं नाही. आता ते खरं निघालं, तर मला बोलायला काही सुचेना. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुधा तोंडातून बाहेर पडलं.

‘‘मी जागी होते, वहिनी. तुमच्याकडचा दिवा लागलेला दिसला. तुम्ही दोनदा मोरीत गेलात तेही ऐकलं. सकाळी शाळेत तपासणी होती. मी कूस बदलली.’’

शेजारच्या केबिनमध्ये कुणीतरी संडासाचं बटण दाबलं. तो आवाज संपेपर्यंत आम्ही गप्प. मग वहिनी म्हणाल्या, ‘‘कशी झाली तपासणी?’’

‘‘कुठली? सकाळी आपण दोघी स्मशानाची तयारी करत होतो.’’

आधी त्या हसल्या की मी, आठवत नाही. हसता हसता पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही. सकाळी डोळे दोघींचे सुजलेले होते. नाश्त्याला टेबलावरच्या बाईंनी विचारलं, ‘‘बोट लागली का तुम्हाला?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘हो, रात्री जरा.’’

पुढचा अख्खा दिवस समुद्रावर होता. पोहण्याचा तलाव, गाणी, जादूचे खेळ, सगळं होतं. आम्ही सावलीत दोन खुर्च्या धरल्या आणि सासूबाईंच्या गोष्टी काढल्या. बऱ्याच ठिकाणी दोघींच्या आठवणी जुळेनात, त्यावरून वादही झाले. त्या दिवशी दुपारी खोली आवरणारा मुलगा आला तेव्हा अंथरूण तसंच होतं. वहिनी बाहेर डेकवर होत्या, मी काही बोलले नाही.

सोमवारी सकाळी मुंबई. वहिनींचा उपास, म्हणून वास्कोच्या मुलानं पपई आणि केळी आणून ठेवली होती. वहिनींनी त्याला उरलेली लिंबं दिली.

परतीच्या गाडीत चिपळूण गेल्यावर वहिनींनी विचारलं, ‘‘ती बिलं अजून आहेत तुझ्याकडे?’’

‘‘आहेत. कपाटात.’’

‘‘माझ्याकडे वही आहे. त्यांना किती वाजता काय दिलं, किती खाल्लं, सगळं लिहिलेलं. कुणाला दाखवली नाही.’’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘आणून ठेव तुझी बिलं माझ्याकडे. नाहीतर मी वही देते तुझ्याकडे. एकाच ठिकाणी असू देत.’’

कुणाकडे ठेवायची यावरून आम्ही कणकवलीपर्यंत हुज्जत घातली. मग कुडाळ आलं आणि बॅगा खाली काढायच्या होत्या.