तमालपत्र एक, पाने अनेक

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायची वेळ आली की लालबागच्या मसाला गल्लीत आपण मिरचीबाबत अगदी चोखंदळ असतो. बेडगी किती, संकेश्वरी किती, काश्मिरी घालायची की नाही, याचे घरोघर हिशेब ठरलेले असतात. तमालपत्र आणि दालचिनीचे मात्र ‘द्या पन्नास ग्रॅम’ एवढ्यावर भागते. स्वयंपाकात त्याने फारसे बिघडत नाही. पण आमच्या सरकारी रुग्णालयात माहीम, धारावी, दादरकडून येणारे मधुमेहाचे कितीतरी रुग्ण हल्ली रोज सकाळी तमालपत्राचा काढा किंवा चमचाभर दालचिनी पूड घेतात. अशा वेळी हे पान कुठले आणि ही साल कुठली, हा आरोग्याचा प्रश्न होतो.

शिरा मोजून पाहा

डब्यातले एक तमालपत्र उजेडात धरा. देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसल्या, तर ते दालचिनीच्या वंशातले, म्हणजे सिनॅमोममचे पान. मधोमध एकच शीर आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक शिरा असतील, तर ते भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेल वृक्षाचे पान. परदेशातल्या दुकानात ‘बे लीफ’ म्हणून मिळते ते हेच. त्यात निलगिरीच्या तेलातला सिनिओल हा घटक भरपूर असतो. म्हणूनच तिकडे राहणाऱ्या लेकीसुनांच्या मसालेभाताला घरचा वास येत नाही.

तीन शिरांची पाने तरी सगळी एका झाडाची कुठे असतात? खरा तमाल (सिनॅमोमम तमाला) हिमालयाच्या उतारांवर आणि ईशान्य भारतात वाढतो. उत्तराखंडच्या तेजपाताला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या कोकणात परसात असते ती दालचिनी (सिनॅमोमम व्हेरम), मूळची श्रीलंका आणि दक्षिणेकडची. तिचीच पाने तमालपत्र म्हणून वापरली जातात. गोव्यात त्यांना ‘तिखी’ही म्हणतात. सह्याद्रीच्या रानात याच वंशाच्या आणखी जाती आहेत. त्यांतल्या एकीचे शास्त्रीय नावच गोव्यावरून ‘सिनॅमोमम गोएन्स’ असे पडले आहे.

पान का बदलते?

एकाच जातीची पानेही जागेनुसार बदलतात. भर उन्हातले पान लहान, जाड आणि चिवट होते, कारण त्याला पाणी राखायचे असते. सावलीतले पान रुंद आणि पातळ होते, कारण त्याला मिळेल तेवढा उजेड गोळा करायचा असतो. हे पाहायला रानात जायची गरज नाही. माहीमच्या खाडीलगत, जुन्या कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात कोणत्याही दाट झाडाच्या शेंड्याचे पान आणि बुंध्याजवळचे पान शेजारी धरून पाहा, फरक लगेच दिसेल.

कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळपास कोरडे. सदाहरित झाडाला दोन्ही सोसावे लागते. दालचिनीचे पान चामड्यासारखे आणि गुळगुळीत असते. असा पृष्ठभाग उन्हाळ्यात पाणी धरून ठेवतो. त्याचे निमुळते टोक पावसाचे पाणी झटकन ओघळून जावे म्हणून असते, असे मानले जाते. हिमालयातल्या तमालाला थंडीशी जुळवून घ्यावे लागते.

यात हवामानाचा वाटा किती आणि आनुवंशिकतेचा किती, हे ओळखायची पद्धत सोपी आहे. वेगवेगळ्या प्रदेशांतली रोपे एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर वाढवायची. फरक पुसला गेला तर तो हवामानाचा, टिकला तर वाणाचा. दालचिनीत परपरागीकरण होते, त्यामुळे बियांपासून केलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोंकण तेज’सारख्या निवडक वाणांची रोपे कलमांपासून करतात.

वास बदलतो, तसे रसायनही

दालचिनीच्या एकाच झाडाच्या पानाला लवंगेचा वास येतो (युजेनॉल), सालीला दालचिनीचा (सिनॅमाल्डिहाइड) आणि मुळाच्या सालीला कापराचा. तमालाच्या पानांतही काही भागांत युजेनॉल जास्त, तर काही भागांत सिनॅमाल्डिहाइड जास्त आढळते. म्हणजे ‘दोन पाने उकळून प्या’ या सल्ल्यातले औषध किती आणि कोणते, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसते.

सालीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. बाजारात दालचिनी म्हणून बरेचदा ‘तज’, म्हणजे चीन-व्हिएतनामकडची कॅसिया मिळते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत तज आणि दालचिनी ही दोन वेगळी नावे आहेत. तजमध्ये कूमारिन हा घटक बराच असतो, खऱ्या दालचिनीत नाममात्र. जास्त कूमारिन दीर्घकाळ पोटात गेले, तर काही लोकांच्या यकृताला इजा होऊ शकते. युरोपात त्याची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम मानतात. ६० किलोच्या माणसाला ही ६ मिलिग्रॅमची मर्यादा सुमारे २ ग्रॅम तजपुडीतच गाठता येते, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरतो. आपल्याकडे मधुमेहींमध्ये यकृतावर चरबी असलेले रुग्ण भरपूर आहेत, म्हणून काळजी.

आणि फायदा? कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये १० चाचण्या आणि ५७७ रुग्णांचा आढावा घेतला. मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा त्यात सापडला नाही.

मग काय करावे?

भातात, आमटीत, मसाल्यात तमालपत्र आणि दालचिनी खुशाल वापरा. तेवढ्या प्रमाणाची भीती नको. अनेक पातळ पापुद्र्यांची, चुरडणारी साल खऱ्या दालचिनीची. जाड, टणक, एकाच पदराची साल तजची. पूड झाल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून साल घ्या आणि घरी दळा. तमालपत्र शिजूनही ताठच राहते आणि घशात अडकू शकते. मुलांना आणि वयस्कांना वाढण्याआधी ते काढून टाका. यकृताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर रोजची पूड किंवा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि काढा सुरू केला म्हणून मधुमेहाची गोळी बंद करू नका. काढा घेत असाल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसे सांगा. आम्ही रागावणार नाही. उलट, रक्ताचे अहवाल वाचताना त्या माहितीचा उपयोगच होतो.