वेष्टनकला, जपानी
वेष्टनकला, जपानी : भेटवस्तू, पैसे व नित्योपयोगी पदार्थ कागदात वा कापडात बांधून देण्याची जपानमधील परंपरागत कला. तिला जपानी भाषेत ‘त्सुत्सुमी’ म्हणतात. कापडी वेष्टनाला ‘फुरोशिकी’ ही स्वतंत्र संज्ञा असून येथे मुख्यतः कागदी वेष्टनाचा विचार केला आहे. या कलेत वेष्टन हे केवळ आवरण नसते. देणाऱ्याचा आदरभाव व प्रसंगाचे स्वरूप त्यावरून कळते.

या कलेचा पाया म्हणजे ‘वाशी’ हा हातकागद. कागदनिर्मितीची विद्या इ. स. ६१० च्या सुमारास कोरियातून आलेल्या बौद्ध भिक्षूने जपानात आणली, असे परंपरा मानते. कोझो (कागदी तुती), मित्सुमाता व गाम्पी यांच्या अंतर्सालीपासून वाशी तयार करतात. लांब तंतूंमुळे तो पातळ असूनही चिवट असतो व घडीवर सहसा फाटत नाही. अशा तीन परंपरागत कागदांच्या निर्मितिकौशल्याचा यूनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

सामुराई घराण्यांत वेष्टनाच्या घड्यांचे शास्त्र निर्माण झाले. त्यास ‘ओरिगाता’ म्हणतात. इसे सादाताके या पंडिताने १७६४ मध्ये त्याचे नियम ग्रंथबद्ध केले. वस्तुपरत्वे घडी वेगळी असल्याने आत काय आहे, हे जाणकारास न उघडताच उमगे. शुभप्रसंगी ‘नोशी’ हे चिन्ह जोडतात. मूलतः ती अबॅलोनी या सागरी मृदुकाय प्राण्याच्या वाळवलेल्या मांसाची पट्टी असून ती कागदाच्या घडीत ठेवीत. वेष्टनावर ‘मिझुहिकी’ ही पिळलेल्या कागदाची दोरी बांधतात. मंगल प्रसंगी ती सामान्यतः लाल-पांढरी, तर शोकप्रसंगी काळी-पांढरी असते. जन्मासारख्या पुनःपुन्हा यावयास हव्या अशा आनंदप्रसंगी सहज सुटणारी गाठ, तर विवाह वा अंत्यविधी यांसारख्या एकदाच घडावे अशा प्रसंगी न सुटणारी गाठ मारतात. नागानो प्रांतातील ईदा हे मिझुहिकीचे प्रमुख उत्पादनकेंद्र आहे.

एदो काळात (१६०३–१८६७) काष्ठठशांनी छापलेला ‘चियोगामी’ हा नक्षीदार कागद लोकप्रिय झाला. डब्या मढविणे, पैशांची पाकिटे व कागदी बाहुल्या करणे यांसाठी तो वापरला जाई. विसाव्या शतकात मोठ्या विक्रीभांडारांनी स्वतःचे वेष्टनकागद प्रचारात आणले. मित्सुकोशी भांडारासाठी चित्रकार गेन्-इचिरो इनोकुमा यांनी १९५० मध्ये तयार केलेला कागद विशेष प्रसिद्ध आहे. समुद्रकाठच्या गुळगुळीत दगडांवरून त्यांना त्याचे आकार सुचले. भांडारांत पेटी कागदावर तिरकी ठेवून गुंडाळत नेतात व शेवटी चिकटपट्टीचा एखादाच तुकडा लावतात. त्यामुळे कागद न फाटता सुटतो.

असा जपून सोडलेला कागद पुन्हा वापरता येतो. पुस्तकांना आवरणे घालणे, खणांना अस्तर लावणे, फाडलेल्या तुकड्यांची चिकटचित्रे (‘चिगिरी-ए’) करणे आणि ओरिगामी हे त्याचे प्रमुख उपयोग होत. मात्र प्लॅस्टिकचा वा धातूचा थर असलेल्या कागदाचा लगदा नीट होत नाही. ओळखण्याची साधी रीत म्हणजे कागद मुठीत चुरगाळून सोडणे. तो चुरगळलेलाच राहिला, तर सामान्यतः पुनर्चक्रणास योग्य समजतात. पुन्हा उलगडला, तर त्यावर बहुधा असा थर असतो.

वेष्टनकागदाच्या पुनर्वापराचे सर्वांत हृद्य उदाहरण हीरोशीमाचे आहे. १९४५ मध्ये अणुबाँब पडला, तेव्हा दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात होती. हजार कागदी क्रौंच घडविल्यास इच्छा पुरी होते, अशी जपानी समजूत आहे. कागद दुर्मिळ असल्याने औषधांच्या पुड्यांचे व भेटींवरील वेष्टनांचे कागद जमवून तिने क्रौंच घडविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. तिच्या सहाध्यायांच्या पुढाकाराने ५ मे १९५८ रोजी तेथील शांति-उद्यानात बालकांचे स्मारक उभे राहिले. तेथे जगभरातून दरवर्षी सु. एक कोटी क्रौंच येतात. त्यांचे वजन सु. दहा टन भरते व त्यांपासून पुन्हा कागद बनविण्यात येतो.