गरोदरपणी तापाची गोळी आणि अमेरिकेतील दावे



गरोदर बाईने पॅरासिटामॉलची गोळी घेतली तर मूल स्वमग्न होते, अशी बातमी 2025 च्या सप्टेंबरपासून खेडोपाडी पोहोचली आहे. अशा बातमीने दोन प्रकारच्या बायका घाबरतात. ज्या सध्या गरोदर आहेत त्या अंगात ताप असूनही गोळी घेत नाहीत. आणि ज्यांच्या घरी असे मूल आधीच आहे त्या, आठ-दहा वर्षांपूर्वी कधी गोळी घेतली होती काय, हे आठवून मनातल्या मनात झुरतात. म्हणून या बातमीचे मूळ नीट सांगावे असे आम्हांस वाटते. ते मूळ बरेचसे अमेरिकेतील कोर्टात आहे.

आपण क्रोसिन, कॅल्पॉल किंवा डोलो म्हणून जी गोळी घेतो, तीच अमेरिकेत टायलेनॉल या नावाने विकली जाते. तेथे हे नाव 1955 पासून चालू आहे, आणि अर्ध्याहून अधिक गरोदर स्त्रिया हे औषध कधी ना कधी घेतात. स्वमग्न मूल नजरेला नजर देत नाही, उशिरा बोलते, एकच कृती पुन्हापुन्हा करते. दुसरा विकार अतिचंचलतेचा. त्यात मुलाचे चित्त एका जागी ठरत नाही. या दोन्ही विकारांसाठी अमेरिकेतील शेकडो कुटुंबांनी औषधाची कंपनी जॉन्सन अँड जॉन्सन आणि ते विकणारी मोठी दुकाने यांच्यावर दावे लावले. गर्भाला धोका असल्याची सूचना तुम्ही पाकिटावर छापली नाही, ही त्यांची तक्रार. 2022 च्या ऑक्टोबरात हे दावे एकत्र करून न्यूयॉर्कमधील न्यायाधीश डेनिस कोट यांच्यापुढे ठेवण्यात आले.

अशा दाव्यात दोन पायऱ्या असतात. या औषधाने असा विकार मुळात होऊ शकतो काय, ही पहिली. या अमुक मुलाला तो त्यानेच झाला काय, ही दुसरी. पहिल्या पायरीवर तज्ज्ञांची साक्ष लागते, आणि त्या तज्ज्ञांची रीत शास्त्राला धरून आहे की नाही हे न्यायाधीश आधी पारखतात. हा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये घालून दिला, तोही गरोदरपणातील एका औषधाच्या दाव्यातच. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

ओकाऱ्या थांबवणाऱ्या त्या गोळीचे नाव बेंडेक्टिन. तिच्यामुळे मुले व्यंग घेऊन जन्मतात, असे शेकडो दावे झाले. शास्त्रज्ञांना पुरावा सापडेना, पण कोर्टाच्या खर्चाला कंटाळून कंपनीने 1983 मध्ये गोळी बंद केली. पुढे व्यंगे कमी झाली नाहीत. ओकाऱ्यांनी बेजार होऊन इस्पितळात जाणाऱ्या बायका मात्र वाढल्या. अखेर 2013 मध्ये तीच दोन द्रव्ये असलेली गोळी नव्या नावाने अमेरिकन सरकारने पुन्हा मंजूर केली. आपल्याकडे डॉक्सिनेट या नावाने डॉक्टर जे देतात त्यात हीच द्रव्ये आहेत.

तरी लोकांची भीती अगदीच निराधार होती असे कोणी म्हणू नये. थॅलिडोमाइडच्या गोळीने हजारो मुले आखूड हातापायांची जन्मली, आणि 1961 मध्ये ती जर्मनीच्या बाजारातून काढावी लागली. ज्या आईबापांनी हे ऐकले आहे ते प्रश्न विचारणारच, आणि विचारावाच.

आता पॅरासिटामॉलकडे वळू. काही पाहण्यांत, गोळी घेणाऱ्या बायकांच्या मुलांत हे विकार थोडे अधिक आढळले, हे खरे आहे. पण शेतकऱ्याला एक गोष्ट चटकन कळेल. ज्या रानात औषधाची फवारणी जास्त, त्या रानात कीडही जास्त दिसते. म्हणून फवारणीने कीड आणली असे आपण म्हणतो काय? कीड होती म्हणून फवारले. तसेच, बाईने गोळी घेतली ती ताप, डोकेदुखी, अंगदुखी होती म्हणून. मुलावर परिणाम झाला असेल तर तो गोळीचा, की तापाचा, की आईबापांकडून रक्तातून आलेल्या गुणांचा? हे विकार घराण्यात उतरतात हे चांगले ठाऊक आहे.

हे निवडायचे कसे? दोन बियाणी तोलायची तर एक काळ्या रानात आणि दुसरे मुरमाड माळावर पेरून चालत नाही. एकाच रानात शेजारी-शेजारी वाफे करावे लागतात. स्वीडनमध्ये नेमके हेच केले गेले. 1995 ते 2019 या काळात जन्मलेल्या सुमारे 24 लाख 80 हजार मुलांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष 2024 च्या एप्रिलमध्ये छापले. सरसकट पाहता दहाव्या वर्षापर्यंत स्वमग्नता गोळी न घेणाऱ्यांच्या मुलांत शंभरात 1.33, तर घेणाऱ्यांच्या मुलांत 1.53 निघाली. मग एकाच आईची भावंडे घेतली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली. तेव्हा फरक उरला नाही. या पाहणीत एक उणीव आहे. गोळी घेतल्याची नोंद शंभरात साडेसात बायकांचीच आहे, आणि दुकानातून परस्पर घेतलेली गोळी पुष्कळदा नोंदली जात नाही. तरीही आमच्या मते आजवरच्या पुराव्यात तिचे वजन मोठे आहे.

ही पाहणी येण्यापूर्वीच, 2023 च्या डिसेंबरात, न्यायाधीश कोट यांनी कुटुंबांच्या पाचही तज्ज्ञांची साक्ष नाकारली. वेगवेगळे विकार त्यांनी एकाच टोपलीत भरले आणि सोयीचे निष्कर्ष तेवढे वेचले, असे त्यांचे मत पडले. 2024 मध्ये दावे फेटाळले गेले आणि कुटुंबे अपिलात गेली.

मग 22 सप्टेंबर 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वतःच गरोदर स्त्रियांना ही गोळी टाळण्यास सांगितले. गंमत अशी की त्याच दिवशी त्यांच्याच औषध खात्याने डॉक्टरांना पाठवलेल्या पत्रात, गोळी हेच कारण आहे असे सिद्ध झालेले नाही, हेही लिहिले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपची औषध संस्था यांनीही तसाच खुलासा केला. ऑक्टोबरात टेक्सास राज्याने कंपनीवर नवा दावा लावला. दावा लावणे म्हणजे आरोप करणे, एवढेच. आपल्या तालुक्याच्या कोर्टात बांधाचे दावे पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्या आयांना आमचे सांगणे असे की, या पुराव्यावर स्वतःला दोषी धरण्याचे काही कारण नाही. ग्रहणात विळीने भाजी चिरली म्हणून मुलाचा ओठ फाटला, असे म्हणत आपल्या गावांनी बायकांना पुष्कळ छळले आहे. त्यात आता गोळीची भर नको.

गरोदर बहिणींनी मात्र ताप अंगावर काढू नये. पहिल्या महिन्यांतील जोराचा ताप गर्भाच्या मज्जारज्जूला अपाय करू शकतो. लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहिल्यावर ताप आला तर लेप्टोची शंका धरून रक्त तपासावे. गोळीने अंग निवते, रोग जात नाही. डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा, लागतील तेवढेच दिवस घ्यावी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेव्हा दोन्ही मिळून मात्रा दुप्पट होऊन यकृताला अपाय होऊ शकतो.

आणि पॅरासिटामॉलला भिऊन दुकानदाराकडून दुसरी वेदनाशामक गोळी मागू नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी विसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या मूत्रपिंडाला बाधा होऊन गर्भजल कमी होऊ शकते. तशी सूचना अमेरिकेच्या औषध खात्याने 2020 मध्ये दिली आहे. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेनही असते. तेव्हा घरातील डब्यातली पाकिटे काढून त्यांच्या मागची बारीक अक्षरे शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावीत.